आपण म्हणजे समोरच्याला धरून

वेटरनं माझ्यासाठी खुर्ची आणली. निळ्या मखमलीची, जड. अज्जींच्या व्हीलचेअरशेजारी ठेवली आणि हळूच म्हणाला, “कूतकोळी अक्का.” बसा अक्का. मंगळूरकडचा असावा. मघाशी मी अज्जींना “स्वल्प थांबा” म्हणाले, ते त्याच्या कानावर पडलं असेल.

मी पदर सावरून बसायला वाकलेसुद्धा.

“नो नो,” ताई म्हणाल्या. “शी इज नॉट डायनिंग.”

आणि त्यांनी आपली पर्स त्या खुर्चीवर ठेवली. पर्सवर शाल ठेवली. वेटर जरा घुटमळला, मग पाणी आणायला गेला. पर्स बसली. मी उभी राहिले. पुढचे दोन तास मी उभीच होते.

हे एका मोठ्या जहाजावर घडलं. चेन्नईच्या बंदरातून सुटलेलं, चार दिवसांचं फिरणं. दादांची साठी होती. दादा म्हणजे अज्जींचा मुलगा. सरकारी कारखान्यात इंजिनियर होते, त्याच महिन्यात रिटायर झाले. ताई म्हणजे दादांची बायको. त्यांची मुलगी कोरमंगलात कुठल्याशा नव्या कंपनीत. साठीला आईनं ओवाळायला हवं म्हणून अज्जींना नेलं, आणि अज्जींना सांभाळायला हवं म्हणून मला नेलं. मी त्यांची केअरटेकर. बेंगळुरात, व्हाइटफील्डच्या त्या घरात मला तीन वर्षं झाली होती.

जहाजावरचं जेवण तिकिटातच होतं. वरच्या मजल्यावर सकाळपासून बुफे, कितीही खा. पण एक छोटं रेस्टॉरंट वेगळं होतं. पांढरे टेबलक्लॉथ, मंद दिवे, काचेपलीकडं समुद्र. तिथं जेवायचं तर वेगळे पैसे, माणशी. दादांनी साठीच्या संध्याकाळसाठी तिथं टेबल घेतलं. चार माणसांचं. दादा, ताई, त्यांची मुलगी, अज्जी. टेबलाशी आम्ही पाच जण होतो.

मी बसायला का वाकले, तेही सांगते. चूक माझ्या मराठीची झाली. दुपारी ताई केबिनच्या दारात येऊन म्हणाल्या होत्या, “संध्याकाळी आपल्याला खास ठिकाणी जेवायला जायचंय हं. जरा चांगलं नेस.” मी ‘आपल्याला’ ऐकलं.

आम्ही बेंगळुरातल्याच चामराजपेटचे. मराठी, पण तीनशे वर्षांपासून इथलेच. घरात बोलतो ती मराठी कानडीत भिजलेली. आमच्या बायकासुद्धा ‘मी येतो, मी जेवतो’ म्हणतात. ताईंना त्याचं फार हसू यायचं. पाहुणे आले की मला मुद्दाम बोलायला लावायच्या, आणि मग, “येतो काय ग, येते म्हण.” आमच्या त्या मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत काही फरक नव्हता. कानडीत दोन्हीला मिळून एकच शब्द आहे. फरक मला अज्जींनी शिकवला. त्या नाशिककडं शाळेत मराठीच्या बाई होत्या. डोकं ठिकाणावर असायचं त्या दिवशी माझ्याकडून पेपर वाचून घ्यायच्या, पाटीवर लिहून घ्यायच्या. आज मी हे लिहितेय ते त्यांच्यामुळं. एकदा मी म्हणाले, “अज्जी, आम्ही आता जेवू.” त्या म्हणाल्या, “‘आम्ही जेवू’ म्हणजे मला सोडून. मला उपाशी ठेवतेस का ग? ‘आपण जेवू’ म्हण. आपण म्हणजे समोरच्याला धरून.”

माझ्या ‘येतो’ला मात्र त्या कधी हसल्या नाहीत. “तुझ्या आईची बोली आहे ती, राहू दे,” म्हणाल्या होत्या.

तर ताई ‘आपल्याला’ म्हणाल्या आणि समोर मी उभी होते. मी आईची म्हैसूर सिल्क नेसले. ती मी ओवाळण्याच्या वेळेसाठी आणली होती. केबिनच्या आरशात दोनदा बघितलं. केसांत माळायला फुलं नव्हती, याची चुटपूटही लागली. आता आठवलं की मला माझाच राग येतो. शुद्ध मराठी शिकून मी हेच केलं, एका शब्दावर विश्वास ठेवला.

अज्जींपुढं मोठं पांढरं ताट आलं. मधोमध लिंबाएवढा बटाट्याचा मऊ गोळा, भोवती मशरूमचा रस्सा, वर एक हिरवं पान. मी चमच्यात थोडं घेतलं, फुंकलं, त्यांच्या तोंडाशी नेलं. त्यांनी ओठ मिटले.

“आधी तू,” म्हणाल्या.

हे होणार हे मला माहीत होतं. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. वर्षभरापूर्वी अज्जी जेवणच विसरल्या. चावायचं कसं, गिळायचं कसं, काही आठवेना. घास तोंडात तसाच धरून बसायच्या. डॉक्टर नाकातून नळी घालू म्हणाले. मग मला एक युक्ती सुचली. मी माझं ताट घेऊन त्यांच्यासमोर बसायची आणि आधी मी एक घास खायची. माझं बघून त्या खायच्या. एक माझा, एक त्यांचा. पाऊण तास लागायचा, पण वाटी रिकामी व्हायची. हे सगळं अज्जींच्या खोलीत, दार लावून. माझं ताट सिंकखालच्या कप्प्यातलं, कडेला लाल नेलपॉलिशची खूण केलेलं. ते जेवणाच्या टेबलावर कधी आलं नाही. मला त्याचं काही वाटत नव्हतं असं म्हणणार होते, पण ते खोटं आहे. वाटत होतं. माझ्या पोरीच्या शाळेची फी समोर असली की वाटलेलं गिळता येतं.

मी वाकून हळू विचारलं, “ताई, मी एक घास खाऊ काय? नाहीतर त्या खायच्या नाहीत.”

ताईंनी आधी वेटरकडं बघितलं, मग माझ्याकडं. हसल्या. “अग, एका प्लेटमध्ये दोघींनी खाल्लं तर ते पाचवं माणूस लावतील. तू खाल्ल्यासारखं कर ना.”

मी दादांकडं बघितलं. दादा मेनू वाचत होते. चष्मा कपाळावर होता, तरी वाचत होते.

मी खाल्ल्यासारखं केलं.

टेबलावरचा एक कोरा चमचा उचलला. तोंडाशी नेला. तोंड उघडलं, मिटलं. चावलं. गिळलं. गिळायला तोंडात काही नव्हतं, थुंकी होती. “छान आहे, अज्जी,” म्हणाले. अज्जींनी माझ्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. मग तोंड उघडलं. एक माझा, एक त्यांचा. त्यांच्या घासात बटाटा, माझ्यात हवा. पलीकडच्या टेबलाशी कुणाचा तरी वाढदिवस होता, वेटर टाळ्या वाजवत गात होते. मध्येच अज्जींनी बोटं ताटात घातली, बटाटा चिवडला, हात माझ्या बाजूला आणला. सांडतायत असं वाटून मी त्यांची बोटं नॅपकिननं पुसली आणि हात परत मांडीवर ठेवला. दादांच्या मुलीनं मोबाईल धरला होता. “सो क्यूट, आज्जी!” म्हणत होती.

मला भूक लागली होती. सकाळपासून अज्जींना नटवणं, ओवाळण्याचं ताट, फोटो, यात एक इडली पोटात गेली होती. समोर तूप-लसणाचा वास येत होता आणि मी चावत होते. पाय भरून आले. पर्स आरामात बसली होती.

“तू नंतर वर बुफेत जेव हं,” ताई उठताना म्हणाल्या. “तिथं तर सगळं असतं.” त्या काही दुष्टपणानं बोलल्या नाहीत. प्रेमानंच म्हणाल्या. मला खरंच सांगायचंय ते हेच, की त्या प्रेमानं म्हणाल्या. मी अज्जींना झोपवलं आणि वर गेले नाही. पाणी प्यायले. स्वतःला समजावलं, अज्जी जेवल्या ना, मग झालं. आपलं काय अडलंय.

पंधरा दिवसांनी, रविवारी दुपारी, व्हाइटफील्डच्या घरी पाहुणे आले. त्याच कॉम्प्लेक्समधलं एक जोडपं. त्यांनाही त्याच जहाजानं जायचं होतं, म्हणून माहिती घ्यायला आलेले. मी पोहे घेऊन हॉलमध्ये गेले तेव्हा बोलणं जेवणावरच आलं होतं.

“तो एक्स्ट्रा पैसेवाला डिनर घ्यावा का?” पाहुणी विचारत होती. “बुफे इन्क्लूडेड असताना परत वेगळे पैसे कशाला, असं हे म्हणतायत. वर्थ आहे का?”

“घ्याच,” ताई म्हणाल्या. “बुफेत नुसता गोंधळ. लाईन लावा, जागा शोधा, शेजारी कुणीही येऊन बसतं. तिथं कसं शांत. आणि सर्व्हिस! खुर्चीसुद्धा ओढून देतात.”

“पोट नाही भरलं माझं,” दादा म्हणाले. “पण एकदा अनुभव म्हणून ठीक.”

“थांबा, दाखवतेच तुम्हाला,” म्हणत त्यांच्या मुलीनं मोबाईलवरचा व्हिडिओ टीव्हीवर लावला.

भिंतीएवढा टीव्ही. त्यात मी. आईची म्हैसूर सिल्क. मी चमचा उचलला, तोंड उघडलं, मिटलं, चावलं. पाहुणा हसला. “अरे, ही तर काहीच खात नाहीये! काय ऍक्टिंग आहे!” सगळे हसले. मीही हसले. हातात ट्रे होता, माणूस हसतं अशा वेळी. मी माझा जबडा हलताना बघत होते. त्या दिवशी मी आतून होते, त्यामुळं दिसलं नव्हतं. बाहेरून ते असं दिसत होतं.

मग अज्जींचा आवाज आला. मोबाईल त्यांच्या तोंडाजवळ धरलेला होता, म्हणून स्पष्ट आला. मागं टाळ्या, गाणं, आणि त्यातून हा आवाज.

“तुझा रिकामा आहे ग.”

टीव्हीत अज्जींनी ताटातला बटाटा बोटांनी उचलला. थरथरत, हळू, माझ्या चमच्याकडं नेला. माझ्या चमच्यात घालायला. आणि टीव्हीतल्या मी त्यांची बोटं नॅपकिननं पुसली.

हॉलमध्ये परत हसू झालं. मी समजत होते मी त्यांना फसवलं. घास कसा गिळायचा हे विसरलेल्या बाईला सगळं कळलं होतं. चमचा रिकामा आहे हे कळलं, मी उपाशी आहे हे कळलं, मला खाऊ देत नाहीत हेही कळलं असेल. तरी त्यांनी तोंड उघडलं आणि जेवल्या. मला बोलणी बसू नयेत म्हणून जेवल्या. आणि मी त्यांचा हात पुसून मांडीवर ठेवला.

“ही होती ना तिथं?” पाहुणी म्हणाली. “हिलाच विचारू या. काय ग, वर्थ होतं का?”

“सांग ना,” ताई म्हणाल्या. “किती मजा केली आपण!”

मी ट्रे खाली ठेवला.

“आपण नाही ताई,” मी म्हणाले. “तुम्ही. मी जेवलो नाही. मी उभा होतो. चमचा रिकामा होता ते अज्जींनी ओळखलं, आणि तुम्ही आता हसताय. वर्थ होतं काय ते मला ठाऊक नाही.”

‘जेवलो’, ‘उभा होतो’. तोंडातून आईची बोली आली. या वेळी कुणी सुधारली नाही. पाहुणीनं पोह्यांची बशी हातात घेतली होती, ती तशीच धरून राहिली. दादांच्या मुलीनं टीव्ही बंद केला.

पाहुणे गेल्यावर ताई स्वयंपाकघरात आल्या. डोळे लाल. “चार लोकांत शोभतं का असं बोलणं? तुला घरातली मानतो आम्ही.”

आम्ही. या वेळी शब्द बरोबर वापरला.

“घरातली असलो तर उद्यापासून अज्जींना टेबलावर आणतो,” मी म्हणाले. “त्यांच्या शेजारी बसून जेवतो. खूण केलेल्या ताटात नाही, तुमच्या ताटांतल्या एका ताटात.”

ताई वीस वर्षं बेंगळुरात आहेत. कानडीतलं त्यांना एकच वाक्य नीट येतं, ‘जरा जुळवून घ्या’ अर्थाचं, ते म्हणाल्या. “स्वल्प अडजस्ट माडि ग. एवढं काय?”

“तीन वर्षं केलं ताई.”

“उद्या बोलू,” म्हणाल्या आणि ओटा पुसायला लागल्या. तो मी आधीच पुसला होता.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी निघाले. मार्केट स्टेशनातून मेट्रो, मॅजेस्टिकला बदलून व्हाइटफील्ड. गेटवर वॉचमननं मोबाईलमध्ये बघितलं, परत बघितलं. त्या कॉम्प्लेक्समध्ये कामवाल्यांची नावं एका ऍपमध्ये असतात. नाव असेल तर फाटक उघडतं. “अक्का,” तो म्हणाला, “निम्म हेसरु तेगेदिद्दारे.” तुमचं नाव काढलंय.

फोन नाही. बोलणं नाही. बोटाच्या एका टोकानं नाव काढून टाकलं. माझ्या घरातल्या चपला आत होत्या, कंगवा आत होता. अज्जी आत होत्या. साडेआठ वाजले होते, त्यांच्या खिमटाची वेळ. मी फाटकापलीकडं मान वर करून चौदावा मजला मोजायला लागले. सगळ्या बाल्कन्या सारख्या. कुठली आमची ते कळेना. “आमची” म्हणतेय बघा अजून. वॉचमननं मला त्याच्या स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. मी तिथं मोठ्यानं रडले. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत होत्या, बघू देत म्हटलं.

अकरा दिवसांनी दादांचा फोन आला. दुपारची वेळ. मी घरीच होते, दुसरं काम मिळालं नव्हतं.

“आई खात नाहीये,” दादा म्हणाले. आवाज बसलेला. “दोन बायका बदलल्या. कुणाकडून घेत नाही. तू ये. मागचं सोडून दे.”

मी उभी राहिले. चपलेत पाय घातले. “येतो दादा, आत्ता निघतो. फक्त एवढं सांगा, मी कुठं बसू?”

पलीकडं नळ चालू असल्याचा आवाज येत होता.

“तू आधी ये तर,” म्हणाले. “ते नंतर बघू.”

“नंतर नको दादा. आत्ता सांगा.”

“आई उपाशी आहे माझी, आणि तुला खुर्चीचं पडलंय?”

“खुर्ची द्यायला तुम्हाला किती वेळ लागतो, दादा?”

त्यांनी फोन ठेवला. माझी आई मशीनवर ब्लाऊज शिवत होती, तिनं पाय थांबवला. “जा गं,” ती म्हणाली. “म्हातारं माणूस उपाशी हाय. पाप लागंल.” मी उंबऱ्यावर बसले, पायात चपला तशाच. एक फोन आला असता, एक शब्द आला असता, तर मी धावत गेले असते. मार्केटपर्यंत अनवाणी गेले असते. संध्याकाळपर्यंत बसले. फोन वाजला नाही. मग चपला काढल्या.

त्यांना दवाखान्यात नेलं, नळी घातली. महिन्याभरात अज्जी गेल्या. मला त्या घरातून कुणी कळवलं नाही. वॉचमननं कळवलं. तोवर सगळं होऊन गेलं होतं.

लोक विचारतात, तू गेली असतीस तर? मीही विचारते. रोज विचारते. गेले असते तर अज्जी कदाचित अजून असत्या. दार लावून, एक माझा, एक त्यांचा. हे खरं आहे आणि ते मी माझ्यापासून लपवत नाही. मला त्यांची आठवण आली की हातातलं काम थांबतं. ती थरथरती बोटं मी पुसली, त्याची माफी मागायला आता समोर कुणी नाही. पण दुसरंही खरं आहे. एका घरात अज्जींची तीन माणसं होती, टेबलाशी रिकाम्या खुर्च्या होत्या, आणि एक खुर्ची देण्यापेक्षा त्यांना नळी सोपी वाटली. ते मी केलं नाही. ते माझ्या डोक्यावर कुणी ठेवायचं नाही. दुःख माझं आहे, ते मी मरेपर्यंत वाहीन, पण त्या दुःखाचा धाक घालून मला परत कुणी उभं करायचं नाही.

आता नव्या घरी गेले की पहिल्याच दिवशी, पगाराच्या आधी सांगते. मी तुमच्या माणसाला भरवीन, त्याचं हगणं-मुतणं काढीन, रात्ररात्र जागेन. पण तो जेवतो तिथं, त्याच्या शेजारी, त्याच्यासारख्याच ताटात मी जेवतो. असंच सांगते, ‘जेवतो’. दोन घरांनी मला दारातूनच परत पाठवलं. एका घरी बाई म्हणाल्या, एवढी मिजास असेल तर हे काम करू नये. मी म्हटलं, काम मी करणारच, ते मला येतं. ज्यांना माझ्या शेजारी बसवत नाही, त्यांनी आपल्या आईला आपल्या हातानं भरवावं.